मिनी मिलवरच भागवू की मोठं मशीन घेऊ? (माथेरानचं इंजिन बनवायचंय)

वाफेवरचा, चिंचवड

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढतोय. माझ्याकडे ती छोटी चायनीज मिनी मिल (धातू कापायचं छोटं मिलिंग मशीन) आहे, तीच, जी जगभर वेगवेगळ्या रंगात आणि वेगवेगळ्या नावाने विकतात. वजन ५०-६० किलो, स्पिंडलचा (कटर फिरवणाऱ्या दांड्याचा) टेपर एमटी३, ३५० वॅटची डीसी मोटर, मागचा कॉलम तिरका होतो. शेजारी छोटं लेथ. याच दोघांवर स्टुअर्टचं १०व्ही हे छोटं वाफेचं इंजिन पूर्ण केलं (पाऊण इंच बोअर, पाऊण इंच स्ट्रोक), कंप्रेसरच्या हवेवर छान फिरतं, त्यामुळे आता हाव सुटलीय.

तर आता माथेरानच्या गाडीच्या वाफेच्या इंजिनाचं मॉडेल करायचंय. १९०७ साली नेरळ-माथेरान लाइन सुरू झाली तेव्हाची ती ओरेनस्टाइन अँड कोपेलची सहा चाकी इंजिनं, त्यातलं एक. नेरळ स्टेशनात एक उभं करून ठेवलंय, दिल्लीच्या रेल्वे म्युझियममध्येही एक आहे. मूळ गेज दोन फूट म्हणजे ६१० मिमी, मी साडेतीन इंची गेजवर म्हणजे ८९ मिमीवर करणार, स्केल साधारण सातास एक पडतं. फ्रेमच्या प्लेटा दोन फुटांच्या पुढे जातात आणि तिथेच घोडं अडलंय.

मशीनच्या तक्रारी लिहितो. एक म्हणजे माइल्ड स्टीलमध्ये १० मिमीच्या एंडमिलने (मिलच्या कटरने) अर्ध्या मिमीच्या वर कट घेतला की चॅटरिंग, म्हणजे थरथर, अख्खं टेबल गुणगुणतं. दुसरं, एक्सचा ट्रॅव्हल (टेबल डावी-उजवीकडे सरकण्याची लांबी) जेमतेम २२० मिमी. तिसरं, वाइस ठेवला, त्यात जॉब बांधला आणि वर चक लावला की ड्रिल घालायला जागाच उरत नाही. चौथं, हँडलला ०.३ मिमीचा प्ले (ढिलेपणा) आहे, डायलचे आकडे मोजत बसायचं आणि मध्येच फोन वाजला की संपलं. पाचवं, फेसिंग केल्यावर (वरचा पृष्ठभाग सपाट कापल्यावर) पट्टे दिसतात, नखाला लागतात.

पर्याय असे सुचतायत: हेच मशीन सुधारायचं (बेल्ट ड्राइव्ह, डीआरओ म्हणजे टेबलाची जागा आकड्यांत दाखवणारा डिजिटल रीडआउट, कॉलमला मागून आधार), किंवा नवं मोठं बेंचटॉप घ्यायचं, ३०० किलोच्या आसपासचं, किंवा भोसरीत सेकंडहँड एम१टीआर (कारखान्यातलं मोठं मिलिंग मशीन) शोधायचं, नाहीतर आहे त्यालाच सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं) करायचं. बजेट सगळं धरून दोन लाख. घर रो हाऊस आहे, मशीन सध्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत, खाली पार्किंगमध्ये गाडी उभी असते. काय करू?

चिप्स_उडवा

घेऊन टाका मोठं! मोठं मशीन घेऊन पस्तावलेला माणूस मी अजून बघितला नाही. बाकी इंजिनाचे फोटो टाकत राहा. वाचनखूण साठवली.

टूलरूमवाले_काका

अरे बाबा थांब जरा. तू मशीनचे दोष लिहिलेस, कामाची यादी कुठाय? आमच्या टूलरूममध्ये नवीन मशीन मागायला गेलं की मॅनेजर एकच विचारायचा, कुठला जॉब अडलाय त्याचं ड्रॉइंग दाखव. मग निम्मे लोक परत फिरायचे. इंजिनाच्या मिलिंगच्या प्रत्येक पार्टसमोर लिही की हा या मशीनवर होतो, हा कसरतीने होतो, हा होतच नाही. मग बोलू.

तोवर चार गोष्टींची उत्तरं दे.

एंडमिल कशात धरतोस? आरपीएम किती ठेवतोस? ज्या स्लाइडला काम नाही ती लॉक करतोस का? आणि स्पिंडलला डायल गेज लावून टेबलावर फिरवून बघितलंस का कधी? ट्रॅम म्हणतात त्याला, १५० मिमीच्या वर्तुळावर फिरव आणि चारी बाजूंचे आकडे इथे लिही. वाइस काढून थेट टेबलावर. आधी टेबलावरून ऑइलस्टोन फिरव, बारीक बर (धातूचा उंचवटा) असला की आकडे खोटे येतात.

शून्य_शून्य_दोन, नाशिक

माझं मत सरळ सीएनसी. तुमच्याच मशीनच्या मोठ्या भावावर मी केलंय. १६०५ चे बॉलस्क्रू, म्हणजे १६ मिमी जाड आणि एका फेऱ्यात ५ मिमी सरकणारे, तिन्ही अक्षांना नेमा २३ स्टेपर, कंट्रोल लिनक्ससीएनसी. स्टेपरला एका फेऱ्याचे २०० स्टेप, ड्रायव्हरवर आठचं मायक्रोस्टेपिंग लावलं की १६०० पल्सला ५ मिमी, एक पल्स तीन मायक्रॉनला पडतो (कागदावर हं, प्रत्यक्षात मशीनच त्याहून जास्त वाकतं). चाकांचे स्पोक, कनेक्टिंग रॉडच्या खोबणी, व्हॉल्व्ह हलवणारा लिंकेज, हे सगळं हाताने करायला तुम्हाला जन्म जाईल. आणि डायल मोजायची कटकटच नाही.

वाफेवरचा

काका, उत्तरं घ्या.

एंडमिल ईआर३२ कोलेट चकमध्ये (कटर चारी बाजूंनी आवळून धरणारा), त्याची मागची शँक एमटी३. आरपीएम १८०० च्या आसपास ठेवतो, हळू केलं की मोटर दमते. लॉक... कधी करतो कधी नाही.

ट्रॅम आज बघितला. १५० मिमीवर डावी-उजवीकडे ०.१८ चा फरक, मागे-पुढे ०.०७. हे वाईट आहे का?

टूलरूमवाले_काका

वाईट म्हणजे, तुझे पट्टे कुठून येतात ते तूच मोजून ठेवलंस की. १५० ला ०.१८ म्हणजे १० मिमीच्या कटरला प्रत्येक पासला सव्वा शतांशाची पायरी, ०.०१२. नखाला हे बरोब्बर लागतं. आणि ५० मिमीचा फ्लायकटर लावलास तर ०.०६ ची होईल. डावं-उजवं कॉलम तिरका करणाऱ्या बोल्टवर सुधारायचं, बोल्ट अर्धवट सैल करून लाकडी हातोडीने टकटक करत डायल बघायचा, आणि घट्ट करताना तो परत सरकतो म्हणून घट्ट केल्यावरचा आकडा खरा धरायचा. मागचं-पुढचं त्या मशीनला ॲडजस्ट होत नाही, कॉलमच्या बुडाखाली शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घालावा लागतो. तुझ्या ०.०७ ला पाच शतांशाची पितळी शिम पट्टी पुरेल, पुढे घालायची का मागे ते डायल सांगेल. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा लावतात लोक पण तो एक दशांश जाड असतो, तुला जास्त होईल.

आता चॅटरिंग. १८०० आरपीएमला १० मिमीच्या कटरचा कटिंग स्पीड होतो मिनिटाला ५६ मीटर. एचएसएस कटर आणि माइल्ड स्टीलला २५ मीटर धर, त्याचे झाले ८००. दुपटीच्या वर पळवतोयस आणि वर म्हणतोस मशीन ओरडतं. मोटर दमते कारण तू हाय गिअरमध्ये नॉब खाली करतोयस, डीसी मोटरचा जोर तिथे जातोच, लो गिअर टाक. ८०० ला चार दातांचा कटर, दाताला ०.०४ धरलं तर मिनिटाला १३० मिमी फीड, म्हणजे हात बऱ्यापैकी चालला पाहिजे. हळूहळू सरकवत बसलास की कटर कापत नाही, घासतो, आणि घासला की ओरडतो.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं. एमटी३ शँकचा ईआर३२ चक लावला की कटर स्पिंडलच्या तोंडापासून किती खाली लोंबतो बघ. तो चक काढून ठेव, १० आणि १२ मिमीचे एमटी३ चे सरळ कोलेट मिळतात, ड्रॉबारने (स्पिंडलमधून जाणाऱ्या लांब बोल्टने) ओढून थेट स्पिंडलमध्येच बसणारे, ते घे. कटर तोंडाशी येतो. चॅटरिंगही कमी आणि तू म्हणतोस ती वरची जागाही तेवढीच वाढते. काढताना ड्रॉबार दोन आटे सैल करून पितळी हातोडीने ठोकायचा, एमटी टेपर चिकटतो, घाबरू नकोस.

एवढ्याला खर्च जेवढा एका नव्या एंडमिलला येतो त्याच्या आगेमागे. मग सांग मशीन बदलायचंय का.

आकाशदर्शिनी

काकांना +१. मी टेलिस्कोपचे माउंट बनवते, बहुतेक ॲल्युमिनियम, तेच मशीन. माझ्याकडे सगळ्यात जास्त फरक पडला तो डीआरओने. प्ले जात नाही पण डीआरओ टेबल नेमकं कुठे आहे ते वाचतो, स्क्रू कुठे आहे ते नाही, त्यामुळे डायलचा हिशोब मनातून कायमचा गेला. काचेची स्केल पाच मायक्रॉनची घेतली होती पण छोट्या मशीनच्या सॅडलवर ती जाड पडते आणि वायच्या बाजूला ट्रॅव्हल खाते, तुम्ही मॅग्नेटिक बघा, बारीक असते.

एक लक्षात ठेवा, डीआरओ असला तरी प्ले तिथेच असतो. क्लाइम्ब मिलिंग (कटर फिरतो त्याच दिशेने जॉब सरकवणं) केलंत तर कटर टेबलाला स्वतःकडे खेचतो, तो ०.३ चा प्ले एका झटक्यात निघतो आणि एंडमिल जाते. कन्व्हेन्शनलच (उलट दिशेने) करा, फिनिशचा शेवटचा बारीक पास सोडून.

आणि मुख्य मुद्दा जो कुणीच काढला नाही: मशीन वरच्या मजल्यावर आहे! राहत्या घराच्या खोल्यांचा स्लॅब आयएस ८७५ प्रमाणे चौरस मीटरला २ किलोन्यूटन चलभार धरून डिझाइन करतात, म्हणजे सुमारे २०० किलो. ३०० किलोचं मशीन, त्याचं स्टँड, वाइस, रोटरी टेबल आणि समोर तुम्ही, हे सगळं दोन-दोन फुटांच्या जागेत. स्लॅब लगेच पडतो असं नाही, भार पसरतो, बीमच्या जवळ भिंतीला लावून ठेवलं तर बरंच निभावतं, पण स्ट्रक्चरल इंजिनिअरला न विचारता करू नका. एम१टीआर तर वर न्यायचा विचारही नको. म्हणजे तुमचे चार पर्याय खरं तर दोनच आहेत, गाडी बाहेर लावणार की नाही त्यावर.

वाफेवरचा

ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. बेंचटॉपवाला दुकानदार तर म्हणाला होता चार माणसं लावून वर चढवून देतो.

मिशिगनकर

चढवतील हो, प्रश्न नंतरचा आहे.

माझ्या गॅरेजमध्ये ब्रिजपोर्ट आहे. १९३८ ला कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्ट गावात रुडॉल्फ बॅनोने पहिलं केलं आणि पुढे जगातल्या निम्म्या देशांनी त्याच धर्तीवर मशीनं बनवली, तुमच्याकडचं एम१टीआर हे त्याच घराण्यातलं. मधलं बेंचटॉप घेऊ नका असं माझं स्पष्ट मत. मी आधी तेच घेतलं होतं आणि ते काही वाईट नव्हतं, पण हेड वर-खाली करताना जागा सोडतं, नी (टेबल वर-खाली करणारा भाग) असलेल्या मशीनवर जॉब वर येतो, हेड हलत नाही, हा फरक एकदा वापरल्यावर विसरता येत नाही. जुनं लोखंड घ्या. टनाच्या आसपास वजन म्हणजे चॅटरिंग हा शब्दच विसराल.

इथे सगळं सिंगल फेजवर चालवायला व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज मोटर चालवणारा कंट्रोलर) लावतात. तुमच्याकडे ४१५ व्होल्टच्या मोटरचं काय करतात ते इथल्या लोकांनी सांगावं.

गाळा_नंबर_१४, भोसरी

व्हीएफडीचं मी सांगतो, रोज तेच करतो.

घरात सिंगल फेज असेल तर २३० व्होल्ट इन आणि २३० व्होल्ट थ्री फेज आउट असा व्हीएफडी मिळतो, ३ एचपीपर्यंत सहज. पण मोटर ४१५ ची असते, मग आधी नेमप्लेट वाचायची. छोट्या मोटरी बहुतेक स्टारमध्ये जोडलेल्या असतात. टर्मिनल बॉक्स उघडला आणि सहा टोकं दिसली तर लिंक पट्ट्या बदलून डेल्टा करायची, मग तीच मोटर २३०-२४० वर पूर्ण ताकदीने चालते. तीनच वायरी बाहेर असतील तर स्टार पॉइंट आत वाइंडिंगमध्ये बांधलेला असतो, रिवाइंडिंगवाल्याकडे नेऊन तो उघडून सहा टोकं बाहेर काढून घ्यायची, चांगला कारागीर करून देतो. आणि प्लेटवरच डेल्टा ४१५ लिहिलं असेल तर २३० वर ती अर्धमेली चालेल, मोटरच बदला.

मशीनवरचा जुना फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच मध्ये ठेवायचा नाही. व्हीएफडी ते मोटर वायर सरळ जायला पाहिजे, चालू असताना मधला स्विच मारला की व्हीएफडी उडतो. फॉरवर्ड-रिव्हर्स व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलवरून घ्या.

मशीन बघायला जाल तेव्हा पेंट बघू नका. रविवारी रंग मारला की सोमवारी मशीन नवीन होतं इकडे. हे बघा: एक्सचं हँडल टेबलाच्या मधोमध असताना किती प्ले आहे आणि टोकाला किती. आयुष्यभर काम मध्येच होतं त्यामुळे मध्ये झिजतं. विकणारा मधल्या प्लेसाठी गिब (स्लाइड घट्ट करणारी पट्टी) आवळून ठेवतो, मग टोकाला नेलं की हँडल जड लागतं, तिथे पकडायचा. टेबलावर ड्रिलचे खड्डे किती आहेत त्यावरून आधीचा ऑपरेटर कसा होता ते कळतं. क्विल (स्पिंडल वर-खाली नेणारी नळी) पूर्ण खाली काढून हाताने हलवा. स्पिंडलच्या आतल्या टेपरला डायल लावून फिरवा. फुल स्पीडला दहा मिनिटं चालवून हेडला हात लावा, गरम झालं तर बेअरिंग. ऑइलिंगचे पाइप तुंबलेले असतातच, तो मुद्दा भाव पाडायला वापरा. आणि टेपर कुठला ते बघा, आयएसओ ४० निघाला तर अडॅप्टर कुठल्याही दुकानात मिळतील, तुमच्या एमटी३ चं मात्र काहीच त्यात थेट बसणार नाही, तो खर्च वेगळा धरा.

उतरवायला हायड्रा (फिरती क्रेन) लागतो. पार्किंगमध्ये छताखाली हायड्राचा बूम जात नाही, मग पाइपचे रोलर आणि पहार, आणि घाई न करणारी माणसं.

शून्य_शून्य_दोन, नाशिक

सगळे जुन्या लोखंडाच्या प्रेमात. अहो टन भर मशीन आणून शेवटी हँडलच फिरवणार ना?

टूलरूमवाले_काका

हो, हँडलच फिरवणार. त्याला इंजिन बनवायचंय, पंचवीस इंजिनं नाही. एकच पार्ट एकदाच करायचा असेल तर प्रोग्राम लिहून, झीरो घेऊन, हवेत एकदा चालवून बघेपर्यंत हातवाल्याचा पार्ट पेटीत जातो. आणि बॉलस्क्रू टाकल्याने तो कॉलम जाड होणार आहे का? स्लाइड सैल, कॉलम एका बोल्टवर, त्यावर मोटरी बसवल्या तर गोल भोक अंडाकृती येईल, एवढंच की तेही दर वेळी अगदी सारखं.

शून्य_शून्य_दोन, नाशिक

काका, शेवटचं वाक्य फ्रेम करून गाळ्यात लावतो :)

पण गंमत सोडा, मशीनचा पाया आधी सरळ करायचा हे मलाही मान्य आहे, मी पण मागून २० मिमीची प्लेट लावून कॉलम जखडला मगच स्क्रू बदलले. स्पोक असलेली चाकं मात्र एकदा हाताने करून बघा मग भेटू.

टूलरूमवाले_काका

चाकं कास्टिंगमध्ये स्पोकसकटच येतात रे. टर्निंग फक्त लेथवर.

उद्यमनगरी, कोल्हापूर

कास्टिंगचा विषय निघालाच तर, चाकं आणि सिलिंडर इकडे ओतून मिळतील. पॅटर्न तुम्ही आणायचा, लाकडाचा किंवा थ्रीडी प्रिंटचा, आकसण्यासाठी बिडाला शंभराला एक या हिशोबाने मोठा करून. छोट्या चार-सहा नगांना मोठी फाउंड्री दारात उभं करत नाही, पण दुसऱ्या कुणाच्या हीटमध्ये (वितळवलेल्या बिडाच्या खेपेत) शेवटचा साचा म्हणून घालून देणारे आहेत. फक्त पातळ स्पोक चिल होतात, म्हणजे पटकन थंड होऊन पांढरं कडक बीड होतं आणि टूलला दाद देत नाही. साच्यातच निवांत गार होऊ द्यायला सांगा.

फ्रेमच्या प्लेटा मिलिंगवर का करताय हे मात्र कळेना. लेझर कटिंगला द्या की. चाकणला, भोसरीला, आमच्या शिरोलीला सगळीकडे आहे. भोकं फायनल साइजची नका कापून घेऊ, अर्धा मिमी लहान ठेवा आणि नंतर दोन्ही प्लेटा एकावर एक बोल्टने बांधून एकत्र ड्रिल आणि रीम करा, म्हणजे डावी-उजवी जुळतेच. लेझरच्या कडेला जरा कडकपणा आणि खवल्या असतात, फाइल आधी तिथे घासायची. आणि ब्राइट बार घेऊ नका फ्रेमला, एका बाजूचं मटेरियल काढलं की केळं होतं त्याचं. हॉट रोल्ड प्लेट घ्या.

वाफेवरचा

काकांनी सांगितलेला गृहपाठ शेवटी केला. सगळ्या पार्टची यादी काढली. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं निम्मी यादी "होतच नाही"च्या रकान्यात जाईल.

फ्रेम प्लेट होत नाही, पण ती आता लेझरला. हॉर्नचे (ॲक्सलचे बॉक्स बसतात ते) स्लॉट तीन मिमी कमी कापून घेणार आणि एकेक करून मिलवर साफ करणार. कपलिंग रॉड सहा चाकीला दोन तुकड्यांत सांध्यासकट असतो, त्यामुळे एकेक तुकडा २२० मध्ये आरामात मावतो. हॉर्नब्लॉक, एक्सेंट्रिक स्ट्रॅप, क्रॉसहेड, सगळं बसतं. सिलिंडरचा पोर्ट फेस (वाफेची भोकं असतात तो सपाट भाग) आणि पोर्टही बसतात. या इंजिनाला पुढचा-मागचा ॲक्सल वळणावर सरकतो ती भानगड आहे (घाटातली वळणं काय आहेत बघा एकदा), तिचे पार्ट बहुतेक लेथचे. अडतं ते फक्त सिलिंडरचं बोअरिंग, बोअर ४० मिमीच्या आसपास, ब्लॉक माझ्या लेथच्या फेसप्लेटवर फिरत नाही आणि मिलवर बोअरिंग हेड लावलं की खाली ब्लॉकच मावत नाही. आणि स्मोकबॉक्सचं सॅडल (बॉयलरचा पुढचा भाग टेकतो तो आधार) कसरतीने होईल.

मशीनवर: ट्रॅम केला, शिम घातला, आता दोन्हीकडे ०.०२ च्या आत आहे. कोलेट अजून यायचेत पण ८०० वर लो गिअरमध्ये एक मिमीचा कट घेतला, ओरडलं नाही, जरा कुरकुरलं.

तरी भोसरीला एक एम१टीआर बघायला गेलोच, राहवलं नाही. मालकाने दीड लाख सांगितले. हँडलचा प्ले मध्ये ०.८ आणि कडेला ०.३, आणि शेवटच्या चार इंचात दोन्ही हातांनी फिरवावं लागलं. स्पिंडल मात्र सुरेख होता, डायलचा काटा हललाच नाही.

गाळा_नंबर_१४, भोसरी

सोडा ते. स्पिंडलचं बेअरिंग बदलता येतं, झिजलेल्या स्लाइडला ग्राइंडिंग नाहीतर स्क्रॅपिंग, आणि त्याला मशीन पूर्ण उघडून नेणं-आणणं, दीड लाखावर अजून किती ते विचारूच नका. लाखाच्या आत देत असेल तर डीआरओ लावून मध्येच काम करायचं या बोलीवर घ्या. नाहीतर थांबा. दिवाळीच्या आधी आणि मार्चएंडला लोक गाळे खाली करतात तेव्हा चांगली मशीनं बाहेर येतात.

मिशिगनकर

०.८ ही काही फार मोठी झीज नाही, डीआरओ असेल तर चालतं. माझ्याकडे त्याहून वाईट आहे आणि मजेत काम होतं. स्पिंडल चांगला असणं जास्त महत्त्वाचं.

टूलरूमवाले_काका

नुसता प्ले असता तर मीही हेच म्हटलं असतं, स्क्रू-नट बदलून जातो. कडेला दोन हात लागतात म्हणजे स्लाइडच मध्ये खोल गेलीय. अशा मशीनवर लांब पट्टी फेस केली की ती मध्ये फुगीर किंवा खोलगट येणार, आणि ते डीआरओ सांगत नाही. त्याला लांब जॉबसाठीच मशीन हवं होतं ना? मग ज्यासाठी घ्यायचं तेच त्यावर नीट होणार नाही.

आकाशदर्शिनी

हे पटलं. आणि गाडी कुठे लावणार होतात तेही सांगितलं नाहीत अजून :)

वाफेवरचा

गाडीचा विषय घरात काढला नाही, काढायची वेळच आली नाही.

तर सध्या ठरवलंय ते असं. मोठं बेंचटॉप बाद, स्लॅबमुळेही आणि यादीमुळेही. एम१टीआर हे बाद, पण शोध चालू ठेवणार, मार्चमध्ये परत फेरी मारीन. या मशीनला मॅग्नेटिक डीआरओ एक्स-वायला, मागे आधाराची प्लेट, आणि एक बरा वाइस, कारण काल डायल लावला तर माझ्या वाइसचा हलता जबडा आवळताना चक्क वर उचलला जातो हे दिसलं. सीएनसी आत्ता नको. राहिलं सिलिंडरचं बोअरिंग, त्याला काय करावं? बाहेर जॉबवर द्यायला जीव होत नाही, अख्खं इंजिन हाताने करायचं आणि सिलिंडर दुसऱ्याने...

चिप्स_उडवा

म्हणजे मोठं मशीन नाहीच? निराशा केलीत राव. (बॉयलर कोण करणार? तांब्याचा का?)

वाफेवरचा

तांब्याचा, चांदीच्या रॉडने ब्रेझ करून. पण बॉयलरचा विषय इथे नको, त्याला वेगळा धागा काढतो, तिथे टेस्टिंगवरून भांडणं होणारच आहेत.

गाळा_नंबर_१४, भोसरी

बाहेर कशाला देताय. रविवारी गाळ्यात माझं एम१टीआर रिकामंच असतं, या आणि तुमच्या हाताने बोअर करा. मी नुसता चहा सांगतो. दोन्ही सिलिंडर एका सेटिंगमध्ये जमतील अशी अँगल प्लेट आहे माझ्याकडे. फक्त येण्याआधी पोर्ट फेस तुमच्या मशीनवर मारून आणा, तोच फेस प्लेटला टेकवून बांधू म्हणजे बोअर त्याला समांतर येईल. बोअरिंग हेड आहे, बार २५ मिमीचा लागेल तो पण आहे. कार्बाइडचं टूल बिडाला कुठलं चालतं माहीत असेलच, नसेल तर मी देतो.

टूलरूमवाले_काका

फेस मारल्यावर सरफेस प्लेटवर (अगदी सपाट पाटीवर) निळा रंग लावून टेकवून बघ आधी, चारी कोपरे टेकले पाहिजेत. एक कोपरा जरी अधांतरी राहिला तर बांधताना ब्लॉक वाकेल आणि सोडल्यावर बोअर वाकडा निघेल. आणि कोणत्या रविवारी ते कळव, मी पिंपरीहूनच येतो.

वाफेवरचा

कास्टिंग कोल्हापूरहून यायला वेळ आहे, पॅटर्नच अजून प्रिंट व्हायचाय. आले की इथेच टाकतो. काका, येताना तुमचा तो डायल आणा, माझ्याचा काटा अडकतो मध्ये मध्ये.